छतावरची द्राक्षं

घर घेतलं तेव्हापासून सुनेचा हॉलच्या छतावर राग होता. थर्माकोलच्या चौकटींचं ते छत इतकं खाली होतं की नवऱ्याने आळस दिला तरी त्याची बोटं वर टेकायची. एका रविवारी त्यातली एक चौकट फुगून लोंबायला लागली. सून स्टुलावर चढली, चौकट बाजूला सारली, टॉर्च वर मारला आणि डोकंच आत घातलं.

"काय गं, उंदीर आहेत का?" खालून सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. द्राक्षं आहेत."

वर चांगलं पुरुषभर उंचीवर खरं छत होतं. भिंतीच्या कडेकडेने चुन्यातली नक्षी फिरली होती: द्राक्षांचे घड, पानं, घडांना टोचणारे पक्षी. रंगाचे इतके थर चढले होते की पक्ष्यांनी स्वेटर घातल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून खोटं छत उतरवलं. नाकातोंडात धूळ गेली, पण खोली एवढी मोठी झाली की नवरा उगीचच खोकून आवाज घुमतो का ते बघत राहिला.

मग गिलावा करणारे मिस्त्री आले. त्यांनी परांची बांधली आणि जुना रंग मऊ करून हलक्या हाताने कसा खरवडायचा ते शिकवलं. सून ऑफिसातून आली की ओढणी खोचून थेट वर चढायची. एकेक पान उघडं पडलं की तिला कोण आनंद व्हायचा. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मात्र ती हिरमुसली. कुणीतरी पाइप नेताना तिथली नक्षी फोडली होती. पानं गायब, पक्ष्याला डोकं नाही. घडांचा साचा घेता येईल, पण पानं-पक्षी हाताने घडवलेले, एकासारखा दुसरा नाही, असं मिस्त्री म्हणाले. कोपरा सपाटच करू, असं त्यांचं मत पडलं.

सासूबाई खालून ऐकत होत्या. उभी हयात त्यांनी बेकरीत केकवर गुलाब काढले होते. त्या आत गेल्या आणि आयसिंगची पिशवी घेऊन परांची चढल्या.

"यात तुमचं प्लास्टर भरा. घट्ट दह्यासारखं हवं."

सुनेने त्यांना कमरेला घट्ट धरलं. पहिलं पान ओघळून त्यांच्याच चष्म्यावर पडलं. दुसरं टिकलं. तिसऱ्याला मिस्त्री स्वतःहून प्लास्टर कालवायला बसले. पक्ष्याच्या मानेत तारही त्यांनीच बसवून दिली.

डोकं इतर पक्ष्यांपेक्षा जरा गुबगुबीत झालं. हा जास्तच जेवलेला दिसतो, असं नवरा म्हणाला.

"जेवू दे," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं चोचीवाचून उपाशी होता."

आणि त्या खाली यायला तयारच होईनात. शेवटी सुनेने चहा वर नेला, आणि दोघी पाय सोडून परांचीवर बसल्या.