अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळणारे पाणी

मी जुना आहे आणि खोटारडा आहे, मित्रांनो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. तशी फसगत मी एकदा अख्ख्या गावाची केली आहे.

मी तापमापक. लाकडाची पाठ, पोटात पाऱ्याची काचनळी आणि तिच्याशेजारी दोन स्क्रूंनी बसवलेली अंशांची पितळी पट्टी. बुडापेश्टच्या एका कारागिराने मला घडवले आणि तिसा नदीकाठच्या एका लहानशा बिअर कारखान्यात मी नोकरीला लागलो. तुम्ही लहान आहात, म्हणून बिअरच्या चवीविषयी मी बोलणार नाही. खरे तर मलाही ती ठाऊक नाही. जन्मभर तिच्या कामात बुडालेला असूनही मी थेंब प्यायलो नाही. आमच्या गावात असे शपथेवर सांगणारे बरेच होते. त्यांच्यात खरा मी एकटाच.

कारखाना एका जर्मन वंशाच्या कुटुंबाने काढलेला. तीन प्रकारची बिअर निघे: रोजची फिकी, नाताळची गडद तपकिरी आणि वसंतातली तगडी, जिच्या लेबलावर बोकड असे. पुढे युद्ध झाले, कारखाना सरकारचा झाला, दारावरचे मालकाचे नाव गेले आणि तिथे तांबडा तारा आला. बोकड मात्र राहिला. त्याच्या राजकीय मतांबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

माझे काम सोपे होते. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात कालवत. ती लापशी तासभर बरोबर सहासष्ट अंशांवर ठेवायची. आमचे मुख्य कारागीर वेंडेलकाका मला तिच्यात बुडवत, वाकून वाचत आणि म्हणत, "आमचा हा सांगेल ते खरं." वीस वर्षे मी खरेच सांगितले.

मग लुबोश आला. बाटल्या भरायचे यंत्र दुरुस्त करायला आलेला हा चेक गडी स्वभावाने फार चांगला. यंत्र सुरू झाले तेव्हा सगळ्यांना एकेक पेला मिळाला, आणि लुबोशने आनंदाने आपला पेला वेंडेलकाकांच्या पेल्यावर आपटला. खण्ण!

आमच्याकडे बिअरचे पेले कुणी आपटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाच्या लोकांनी आमचे तेरा सेनापती मारले आणि बिअरचे पेले आपटून आनंद साजरा केला, असे सांगतात. वेंडेलकाकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांचे कोपर मला लागले आणि मी खुंटीवरून डोक्यावर पडलो.

"अरे, काय केलंस हे!"

"काका, मी नुसतं 'तुमच्या तब्येतीसाठी' म्हणालो!" लुबोश कानकोंडा झाला.

"मग तोंडानं म्हण की! पेल्यानं कशाला म्हणतोस?"

मला उचलून सगळ्यांनी काच तपासली. काच शाबूत होती. स्क्रूंकडे कुणी पाहिले नाही. ते ढिले झाले होते आणि माझी पट्टी डोक्याकडे सरकली होती. फार नाही, दोन अंश. त्या दिवसापासून लापशी अडुसष्टला असली की मी सहासष्ट दाखवू लागलो.

दोन अंशांनी काय होते? जवातली सगळी गोडी मद्यात न जाता थोडी मागे राहू लागली. तपकिरी बिअर भरदार झाली. "बिअर आहे की पाव!" लोक म्हणू लागले. देशभरातल्या स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळाले. वर्तमानपत्रात वेंडेलकाकांचे छायाचित्र आले आणि त्यांच्या हातात, ताठ उभा, मी.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पिरोश्का नावाची तरुण बाई होती. तिने एकदा मला उकळत्या पाण्यात धरले आणि तशीच सगळ्यांच्या देखत वेंडेलकाकांकडे आली.

"काका, याची पट्टी सरकलीय. उकळत्या पाण्यात हा अठ्ठ्याण्णव दाखवतोय."

"मग पाणी अठ्ठ्याण्णवला उकळत असेल."

"पाणी शंभरला उकळतं, काका."

"तुझ्या पुस्तकातलं उकळत असेल, पोरी. आपल्या विहिरीचं पाणी हलकं आहे. उगाच पदक मिळालं का?"

"पिरोश्का, आपल्या पाण्याला घाई असते गं!" मागून कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

तिने ऐकले नाही. तिने संचालकांना अर्ज लिहिला. संचालकांच्या खोलीत पदकासाठी काचेचे कपाट नुकतेच आले होते. आठवड्याभरात पिरोश्काची बदली बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये झाली. तिथले पाणी कितीही अंशांवर उकळो, नळाला ते गारच येई.

पुढे तर आमच्या पाण्याची कीर्ती झाली. लेबलावर बोकडाच्या खाली 'अठ्ठ्याण्णव अंशांच्या पाण्याची' असे छापले गेले. गावच्या शाळेत शिकवू लागले की पाणी सर्वत्र शंभर अंशांवर उकळते, आपल्या गावी अठ्ठ्याण्णववर. पिरोश्काच्या मुलीने परीक्षेत शंभर लिहिले आणि तिचे गुण गेले. "शाळेत अठ्ठ्याण्णव लिही. लक्षात शंभर ठेव," असे पिरोश्का तिला म्हणाली म्हणे. हे कानावर आले, तेव्हा मी लापशीत होतो. तरी गार पडलो.

मित्रांनो, पाऱ्याला चढता येते, उतरता येते, बोलता येत नाही. ही सबब मी अकरा वर्षे वापरली. पण मनातले सांगू? दर वर्षी पदकाच्या दिवशी वेंडेलकाका माझे पितळ घासून लख्ख करत, आणि मला ते आवडत असे.

पिरोश्काच्या बदलीनंतर अकरा वर्षांनी पोलादी, गोल तोंडाचे नवे तापमापक आले आणि मी खिळ्यावर गेलो. ते प्रामाणिक होते. लापशी खऱ्या सहासष्टला राहिली आणि बिअर पातळ झाली. "बाटलीचं धुवण विकता का हो?" लोक विचारू लागले.

एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, वेंडेलकाका एकटेच आले. त्यांनी विहिरीचे पाणी उकळून त्यात नव्याला आणि मला एकदम धरले. शंभर आणि अठ्ठ्याण्णव. त्यांनी नदीचे पाणी आणले. तेच. पाऊस साठवलेल्या पिंपातले आणले. तेही तेच. तीन पाण्यांनी एकमताने त्यांना खोटे ठरवले, तेव्हा ते स्टुलावर बसले.

सोमवारी मला हातात घेऊन ते शेडमध्ये गेले.

"पिरोश्का, पाणी शंभरला उकळतं."

ती बाटली विसळत राहिली. "कुणाचं?"

"सगळ्यांचंच."

"बरं झालं. आता जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"मला हसले ते सगळ्यांसमोरच, काका."

दुपारी घेवड्याचे सूप वाढून झाल्यावर वेंडेलकाका उभे राहिले. "पिरोश्का तेव्हाच बरोबर होती," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी ऐकलं नाही, आणि तिला गार पाण्यात लोटलं."

मग कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे पदक चुकीला मिळालं?"

"हो."

"मग तीच चूक परत करा की, काका! ही नवी घशाखाली उतरेना!"

लोक हसले. या वेळी पिरोश्काला नाही. तिने स्क्रूड्रायव्हर मागवला आणि मला टेबलावर आडवे केले. अकरा वर्षांच्या गार पाण्याने तिची बोटे सुजून वाकडी झाली होती. स्क्रू तीनदा निसटला. वेंडेलकाकांनी हात पुढे केला.

"राहू द्या. हे माझंच काम होतं," ती म्हणाली.

चौथ्यांदा पट्टी जागेवर बसली. "लोकांना जुनीच चव हवी ना?" तिने सगळ्यांना विचारले. "मग लापशी अडुसष्टला ठेवा. पण अडुसष्टच म्हणा."

चव परत आली. पिरोश्काला प्रयोगशाळेतली जागा परत मिळाली. बोटे परत मिळाली नाहीत. आता मी तिच्या टेबलासमोर टांगलेला असतो, खरे बोलतो, आणि तिला बारीक काचनळी दोन्ही हातांनी धरताना रोज पाहतो.

म्हणून एक विनवणी. ज्याचे सगळे ऐकतात, मग तो तापमापक असो, भिंतीवरचे घड्याळ असो की मुख्य कारागीर, त्याचे स्क्रू वर्षातून एकदा तपासा. आणि कुणी एकटे माणूस म्हणाले की हा चुकतोय, तर हसण्याआधी पाणी चुलीवर ठेवा. पाणी उकळायला दहा मिनिटे लागतात. आम्हाला अकरा वर्षे लागली.