सांध्याखालचा फुटवा

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडे जवळ. ज्याला जागा नसेल त्याने शेजारच्याला सरकवावे, पण मागे कुणी राहू नका, कारण माझा आवाज आता बारीक झाला आहे. मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. आज तुम्हाला एका गुलाबाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. बोलायची वेळ होती तेव्हा देवाने मला दोन पाती दिली होती, पण जीभ दिली नव्हती. आज त्याच्या कृपेने मिळाली आहे, तर जे तेव्हा पोटात राहिले ते ऐका.

माझा जन्म भट्टीजवळचा. लालबुंद तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले, दगडावर घासले. दोन पात्यांच्या मध्ये एक स्प्रिंग बसवली. ती इतकी ताठ होती की दाबणाऱ्याच्या मनगटाचा कस लागे. मला तिचा फार अभिमान होता. पुढे त्याच अभिमानाची मला लाज वाटली, पण ते नंतर.

तिथून मी एका नर्सरीत आले. नर्सरीवाल्या मावशींनी मला अकरा वर्षे वापरले. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांमधली रोपे ओळीने मांडलेली असत, आणि मावशी त्यांच्यातून फिरताना प्रत्येकाशी बोलत. "काय रे, रुसलास का? ऊन कमी पडतंय होय?" संध्याकाळी मला तेल लावून, मऊ कापडाने पुसूनच त्या घरी जात. तेवढे सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही.

एके दिवशी एक जोडपे आले. मावशी त्यांना ताई आणि दादा म्हणाल्या, म्हणून मीही तसेच म्हणते. ताईंच्या हातात एक कागद होता. घरामागच्या अंगणात कुठल्या कोपऱ्यात किती वेळ ऊन टिकते, हे त्यांनी आठ दिवस बसून टिपून आणले होते. दादांच्या हातात काही नव्हते. त्यांनी आल्या आल्या फुलांनी लगडलेली कुंडी उचलली.

"अगं, हीच घे. काय देखणी आहे!"

"अहो, फुलं बघून झाड घेतात का? ही चार दिवसांत गळतील. मग?"

"मग पाचव्या दिवशी परत येऊ."

मावशी हसल्या. "दादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझी चूल पेटते."

"मावशी, यांना मातीची पोती उचलायला लावा," ताई म्हणाल्या. "त्यात ते फार हुशार आहेत."

दादा हसत हसत पोती गाडीत ठेवायला गेले. मित्रांनो, इथे लक्ष द्या. पुढचे बोलणे त्यांनी ऐकले नाही.

ताई खाली बसल्या. पाने बाजूला सारून त्यांनी एकेका रोपाचा बुंधा पाहिला, पिशवीच्या भोकातून मुळे डोकावतात का ते पाहिले, आणि शेवटी एकही फूल नसलेले, काटकुळे झाड निवडले.

"याचं फूल कसं असतं?"

"दुधावरच्या साईच्या रंगाचं. कडेला थोडी लाली, कुणी लाजल्यासारखी." मावशींनी बुंध्यावरच्या जाड गाठीवर बोट ठेवले. "आता हे नीट बघा, ताई. खालची मुळं आहेत जंगली गुलाबाची. तो आपला दणकट खुंट. त्याच्यावर मी या साईच्या गुलाबाचा डोळा भरलाय, म्हणजे कलम केलंय. दोघं जुळले ती ही गाठ, हा सांधा. सांध्याच्या वर फुटेल ते तुमचं झाड. सांध्याखालून फुटेल तो जंगली फुटवा. तो दिसायला जोमदार असतो, पण वरच्याच्या तोंडचा घास खातो. दिसला की काढायचा. तिथे दया करायची नाही."

मग मावशींनी मला पुसले आणि ताईंच्या हातात दिले. "नवी कशाला घेता? ही घ्या. लेकीसारखी सांभाळली आहे." झाली माझी पाठवणी.

ताईंच्या घरी दर रविवारी सकाळी मी कामाला लागे. त्या बोटाने माती उकरत, सांध्याखाली पाहत, आणि कोवळा फुटवा दिसला की टक् करून काढत. दादा चहाचा कप घेऊन पायरीवर बसलेले असत.

"बिचाऱ्यानं आत्ता कुठे डोकं वर काढलं, तर लगेच उडवलंस? फार कठोर आहेस बाई तू."

"लाड करायला तुम्ही आहात की. घरात एकजण तरी कठोर नको?"

का काढते, हे त्यांनी कधी समजावून सांगितले नाही. समजावायला पुष्कळ वर्षे आहेत, असे वाटले असेल. आपल्या सगळ्यांनाच तसे वाटते.

पहिले फूल उमलले तेव्हा ताईंनी दादांना दाढी अर्धी टाकून बाहेर बोलावले. दोघे फुलापुढे देवापुढे उभे राहावे तसे उभे राहिले. ताईंनी ते तोडले नाही. नऊ दिवस ते झाडावर राहिले.

तिसऱ्या वर्षी ताई आजारी पडल्या. डॉक्टरांनी एक दिवस दादांना बाहेर बोलावून सांगितले की आता उपचार थांबवू या, त्यांना घरी न्या. दादांनी पलंग खिडकीपाशी सरकवला आणि गुलाबाची कुंडी आत आणून उशाजवळच्या स्टुलावर ठेवली.

ताईंचे लक्ष बुंध्याकडे गेले. सांध्याखाली बोटभर लांबीचा तांबूस, तजेलदार फुटवा आला होता. त्यांनी मला मागितले. मी त्यांच्या हातात आले. पात्यांमध्ये फुटवा धरला. त्यांनी दाबले. पुन्हा दाबले. दोन्ही हातांनी दाबले. माझी ती अभिमानाची स्प्रिंग तसूभरही हलली नाही. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही. आले असते तर त्या दिवशी रडले असते.

"अहो, एवढा फुटवा काढून टाका ना."

दादांनी मला हातात घेतले. त्या कोवळ्या पानांकडे पाहिले, मग ताईंकडे.

"राहू दे गं," ते म्हणाले. "जगतंय ना? जगू दे."

ताई बोलणार होत्या. ओठ उघडलेही. पण त्यांनी दादांचा चेहरा पाहिला आणि ओठ मिटले. मग म्हणाल्या, "बरं. राहू दे." आणि मला उशाशी ठेवून त्यांनी दादांचा हात धरला. झाड त्यांनी त्या क्षणीच सोडून दिले होते. हे मला कळले, दादांना कळले नाही.

चार दिवसांनी त्या गेल्या.

दादांनी मला अंगणातल्या खिळ्याला टांगले आणि आपल्या मुलीला बजावले, "आता या घरात काही कापायचं नाही." तेल नाही, कापड नाही. माझ्यावर गंज चढू लागला. खिळ्यावरून मला कुंडी समोर दिसत होती. फुटवा कमरेएवढा झाला, मग छातीएवढा. वरच्या फांद्या एकेक करून वाळल्या. दादा रोज पाणी घालत, शेणखत देत आणि शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवत, "हिचा हात लागलाय, बघा कसं उफाळलंय!" मी वर लटकून पाहत होते. फक्त पाहत होते.

मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, याची पानं वेगळी आहेत. आधी एका देठाला पाच असायची, आता सात आहेत. कात्री घेऊ का जरा?"

"कात्री खिळ्यावरच राहील."

ताईंना जाऊन वर्ष व्हायला आले. त्या दिवशी फोटोपुढे साईच्या रंगाचे एक तरी फूल ठेवायचे, एवढाच दादांचा ध्यास होता. पण झाडाला कळी येईना. शेवटी त्यांनी कुंडी गाडीत घातली. मुलीने न विचारता मला पिशवीत टाकले. आम्ही मावशींकडे गेलो.

मावशी आता थकल्या होत्या. त्यांनी पानांकडे पाहिलेही नाही. त्या खाली बसल्या, बोटाने माती उकरली आणि थांबल्या. सांध्याच्या वर एक काळा, वाळलेला तुकडा उरला होता.

"दादा, तुमचा गुलाब गेला हो. पुष्कळ दिवस झाले. हा नुसता खालचा जंगली वाढलाय."

दादा तिथेच जमिनीवर बसले. म्हणाले, "मग वर्षभर मी पाणी कुणाला घालत होतो?"

"ताईंनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"काढ म्हणाली होती. मीच म्हणालो, जगू दे."

मुलीने विचारले, "मावशी, याच्यावर पुन्हा तोच डोळा भरता येईल ना?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली. रस्ता रुंद झाला तेव्हा नर्सरीची अर्धी जागा गेली होती, आणि साईच्या गुलाबाचे मूळ झाड त्यातच गेले होते. "दुसरा भरून देते. लाल आहे, गुलाबी आहे."

"नको," दादा म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ताईंच्या फोटोपुढे काहीच नव्हते. दादांनी मला पिशवीतून काढून उघडायचा प्रयत्न केला, पण पाती गंजाने एकमेकांना धरून बसली होती. ते मला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. जंगली झुडूप त्यांनी तोडले नाही. "त्याचा काय दोष?" म्हणाले, आणि शेवटपर्यंत पाणी घालत राहिले. त्याला बारीक पांढरी फुले येत. दादा त्यांना कधी हात लावत नसत.

आता मी मुलीच्या घरी, एका डब्यात आहे. अजून उघडत नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असे मी सांगायला हवे. तेही कराच. पण खरे मागणे वेगळे आहे. प्रेम करताना नुसते पाणी घालू नका, वाकून बघा. आणि एखादे आजारी माणूस काही काढून टाक म्हणाले, तर का म्हणून एकदा विचारा.

कधी नर्सरीत गेलात तर फुलांकडे हात नेण्याआधी जमिनीशी बसा, पाने बाजूला सारा आणि बुंधा पाहा. तिथे बसाल तेव्हा ताईंची आठवण काढा. त्या अशाच बसायच्या.