खुशालरावांची राणी

काशीला निघताना खुशालरावांनी कापसाचं जिनिंग पोरांवर सोपवलं, तब्येत देवावर सोपवली आणि कोळीण देवीदासवर. मेळघाटातून आणलेली ती कोळीण तळहाताएवढी होती, अंगभर केसाळ. काचेच्या पेटीत राहायची. खुशालराव तिला राणी म्हणत. देवीदास अकोल्याच्या ज्या कॉलेजात हंगामी प्राध्यापक होता, त्याच्या संस्थेचे ते अध्यक्ष. "मास्तर, तुमी प्राणिशास्त्राचे ना?" एवढंच ते म्हणाले. देवीदासनं असला कोळी आजवर फॉर्मॅलिनच्या बरणीतच पाहिला होता, आणि तो सांभाळायला सोपा होता. पण खुशालराव परतल्यावर त्याच्या नोकरीचा ठराव व्हायचा होता. तो हो म्हणाला.

पेटी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आली. त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून जागा केली आणि नवऱ्याशी बोलणं कमी केलं.

देवीदासला पेटीतली माती पाहवेना. कोरडी, भुरभुरीत, कशाच्याच कामाची नाही. पातूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा तो. त्यानं घरची काळी माती मागवली, तिच्यात कुजलेलं शेणखत कालवलं, वर रोज पाणी शिंपडलं. कपाशी त्या मातीत कमरेला लागली असती. पण पेटीत कपाशी नव्हती, म्हणून किडे आले. पांढरे, राईहून बारीक, मोजदाद नसलेले. राणीनं अर्धवट सोडलेल्या नाकतोड्यावर त्यांची पंगत बसली.

शेजारचा गोवर्धन धुरळणीच्या पावडरीचा डबा घेऊन आला. कपाशीवर चालते, मंग इथं काहून नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. देवीदासनं समजावलं, की किड्यांसोबत राणी मरेल, आणि राणीसोबत नोकरी. गोवर्धननं मान डोलावली आणि डबा खिडकीत ठेवून गेला. लागला तर असू द्या, म्हणाला.

माती बदलणं हाच इलाज होता. देवीदासनं बांधावरची कोरडी माती आणून रुख्मिणीच्या तव्यावर भाजली. त्या दिवशी रुख्मिणीनं भाकरी शेजारी जाऊन टाकली. माती निवली, देवीदास पेटीपाशी गेला, तर राणी पाय वर करून उताणी पडलेली.

"आता हिले पोचवाचं कोनी?" रुख्मिणीनं विचारलं.

"मेली नाही. कात टाकून राहिली."

"अन् हे किडे?"

प्रश्न बरोबर होता. कात टाकताना हलवलं तर ती मरणार. न हलवावं तर लोण्यासारख्या मऊ नव्या अंगावर किडे चढणार. देवीदासनं कॉलेजात ताप आल्याचं कळवलं आणि पेटीसमोर बसला. कोपऱ्यात ओल्या भाकरीचा तुकडा ठेवायचा, किडे जमले की चिमट्यानं उचलून रॉकेलात बुडवायचा, दुसरा ठेवायचा. उठण्याची सोय नव्हती. जेवणाची थाळी रुख्मिणी दारातून आत सरकवी, तो नाकतोडा सरकवत असे अगदी तशी. हे त्याच्या लक्षात आलं. राणीला निदान कात टाकून बाहेर पडता येत होतं.

ती पडलीही. काळीभोर, तुकतुकीत, पहिल्याहून मोठी. अंग टणक झाल्यावर देवीदासनं तिला भाजलेल्या मातीत हलवलं. किडे संपले.

खुशालराव काशीहून गंगेचं पाणी घेऊन आले आणि बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, नोकरी पक्की समजा. देवीदासनं पेटी उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"नाई मास्तर. माह्या घरी हिचं अंग असं कधी भरलं नव्हतं. आता तुमच्याच घरी राहू द्या. मी येत जाईन पाह्याले."

ते गेल्यावर देवीदासनं कपाटातलं पुस्तक काढलं. कात टाकण्याविषयी त्यानं त्यातच वाचलं होतं. आता पुढचं पान वाचलं. असली मादी नीट सांभाळली तर वीस-वीस वर्षं जगते, असं त्यात होतं. म्हणजे जवळजवळ त्याच्या पेन्शनीपर्यंत.

"काय लिवलं हाय?" रुख्मिणीनं विचारलं.

"जगते," तो म्हणाला.

रुख्मिणीनं खिडकीतला गोवर्धनचा डबा उचलला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि परत तिथंच ठेवला.