खिडकीकडचा रंग

तीन महिने लेकीकडे राहून सासूबाई घरी आल्या, चपला काढल्या आणि पाणीही न पिता सोफ्याच्या गादीवर हात फिरवला. मधोमध हात खाली गेला. दिवसा सोफा, रात्री पलंग अशी ती जाड कापसाची गादी. बत्तीस वर्षांत तिला कधी खड्डा पडला नव्हता. आता मांजर वेटोळं करून झोपेल एवढा पडला होता.

"फिरवली नाहीत ना?"

"दर रविवारी फिरते आई, रंग बघून," मुलगा म्हणाला. "आता तिचे दिवस भरलेत. चारला फोमवाला येतोय, नवी देऊन ही घेऊन जाईल."

सासूबाईंचं डोकं फिरलं. रंगांची युक्ती त्यांचीच. चार कोपऱ्यांना लाल, हिरवा, निळा, पिवळा धागा. दर रविवारी खिडकीकडचा रंग बदलायचा, म्हणजे गादी आपोआप सगळ्या अंगांनी झिजते. सासरे होते तोवर दोघं दोन टोकांना धरून ती उलथायची. "जपून बाईसाहेब, खाली पाय माझाच आहे," असं ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी सासूबाईंना हसू यायचं.

"फिरवली असती तर खड्डा पडला असता? मला काय दुधखुळी समजता?"

"अहो आई, मागच्या आठवड्यात हिरवा होता, आज निळा आहे," सून म्हणाली. "शनिवारी खोळ धुतली की घालतानाच मी पुढचा रंग खिडकीकडे करते. म्हटलं, यांची कंबर तरी वाचेल."

मुलगा बायकोकडे बघतच राहिला. "मी रविवारी बघायचो, रंग बदललेला. मला वाटलं, गादी तूच फिरवलीस."

म्हणजे तीन महिने नुसती खोळ फिरत होती. गादी जागची हलली नव्हती.

सासूबाई ओरडणार, तोच त्यांना आठवलं. धागे पूर्वी गादीलाच होते. मागच्या वर्षी ते तुटले, आणि दुखऱ्या बोटांनी जाड गादीत सुई शिरेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते खोळीला टाचले होते. धड ओरडता येईना, धड गप्प बसवेना.

"बघत काय बसलात? धरा दोघं."

गादी उलथली. खड्डा खाली गेला, वर टेंगूळ आलं. काठी घेऊन त्या ते बडवायला लागल्या, दोन फटके गादीला आणि मधला एक बहुधा स्वतःला. धूळ उडाली, सून शिंकली, टेंगूळ तसंच राहिलं.

चारला घंटी वाजली. मुलगा दाराकडे जाता जाता थबकला.

"काय सांगू त्याला?"

"महिन्यानं ये म्हणावं."

"महिन्यानं काय होणार आहे, आई?"

"चार रविवार," त्या म्हणाल्या. "आणि दाभणात दोरा ओवून दे. माझ्या डोळ्यांना ते भोकच दिसत नाही मेलं."