वरची दाढ

“फाड ते कार्ड. घोडा नाय हा,” अंबादासकाका म्हणाले.

मी नुकतंच कार्ड टाइपरायटरमधून काढलं होतं. ‘घोड्याची दाढ. जीवाश्म.’ एकही चूक नाही. टाइपिंग मी माझं मीच शिकलोय, क्लासबिस नाही, त्यामुळे बिनचुकीचं कार्ड निघालं की झकास वाटतं. तासाभरात मुलुंडच्या शाळांतली पोरं आमच्या कॉलेजचं प्रदर्शन बघायला येणार होती. आणि आमचा शिपाई म्हणतो, फाड.

“काका, मॅडमनीच सांगितलंय घोडा.”

“मग मॅडमना सांग. म्हणावं बैल हाय, नायतर गाय. वरची दाढ.”

दाढ काळी कुळकुळीत. हजारो वर्षांत पार दगड झालेली. तिच्यासोबतची चिठ्ठी कसरीने कधीच खाल्ली होती. एकोणीस वर्षं काका तिचा ट्रे पुसतायत, कधी एक अक्षर बोलले नाहीत. आज कार्डावर घोडा वाचला आणि बोलले.

भूगर्भशास्त्राच्या सामंत मॅडम आल्या. “कशावरून, अंबादास?”

काकांनी दाढ उलटी धरली. “ह्या दोन चंद्रकोरी बघा. त्यांच्या मधी, जिभेकडच्या अंगाला, ही बारकी कांडी. घोड्याला अशी सुटी कांडी नसती. आणि दाढ झिजत झिजत कांडीपर्यंत आलीय. म्हंजी जनावर वयानं बरंच होतं.”

“तुम्हाला कसं ठाऊक? तबेल्यात होतात की काय?” मी फटकन बोललो. हसलो पण मी एकटाच.

काका फडक्याची घडी घालत राहिले.

“सांगा ना,” मॅडम म्हणाल्या. “पुस्तकावरून मला घोडा वाटला. उगाच कसं बदलू?”

माझी तेव्हा ट्यूब पेटली, पण उशिरा. कांजूरमार्गला काकांच्या घरी मी दोनदा जेवलोय. गावाचा विषय काढला की ते भाजी वाढायला घ्यायचे.

“राहू दे घोडा,” ते म्हणाले. दाढ ट्रेमध्ये ठेवली. दारापर्यंत गेले. परत आले.

“मेलेली ढोरं ओढायचो आम्ही, मॅडम. मी नि माझा बाप. गावानं लावलेलं काम, नाय म्हणायची सोय नव्हती. कातडं सोलून झालं की बाप जबडा माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, वय सांग. चुकलो की हसायचा. छप्पन साली बौद्ध झालो, सोडलं ते. अठ्ठावीस वर्षं झाली. इथं कुणाला सांगितलं नाय.”

मॅडमनी पुस्तकाची पानं मागे उलटली. बैलाच्या दाढेचं चित्र निघालं. त्यांनी बोट ठेवलं. कांडी होती.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “नंदू, नवं कार्ड कर. खाली ओळखणाऱ्याचं नाव टाक.”

मी टाइप केलं: ओळख – अंबादास साळवे. काका माझ्या खांद्यामागे उभे राहून वाचत होते.

“मधलं नाव गाळलंस.”

“जागा संपली ना, काका. कार्ड केवढंसं आहे.”

“कुंडलिक,” ते म्हणाले. “बापाचं.”

पोरं जिन्यावर आली होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. मी ते कार्ड काढलं आणि मोठं घातलं. काका अक्षर न् अक्षर उमटताना बघत उभे राहिले.