आभाळाचा फोटो

“मशीन इथून किरणं सोडते, ते जातात ताऱ्याच्या आरपार, अन् मांगं ही फिल्म!” मामाजींनी माझ्या लेकाच्या डोक्यामागे ताट धरलं. लेक वळला आणि ताट चाटू लागला.

“पण मामाजी, ताऱ्यामागे फिल्म धरायला जाणार कोण?”

माझे सासरे शालिग्रामराव थबकले. आमच्या बीबी गावच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढणारा माणूस. गावात नाव ‘फोटोवाले’. शाळेला विज्ञान दिनासाठी ‘क्ष-किरणांतून दिसणारं विश्व’ यावर बोलणारा हवा होता आणि क्ष-किरणांचा माणूस गावात एकच. मामाजींनी हुरळून होकार दिला. चार दिवस हॉटेलापासून देवळापर्यंत ते सांगत सुटले, की शास्त्रज्ञ इथून आभाळाचा फोटो काढतात. भाषणाला आता दोन तास उरले होते.

माझं बी.एस्सी. कणकेच्या डब्यामागे गेलं होतं, ते मी बाहेर काढलं. “उलटं आहे, मामाजी. किरणं ताऱ्यांकडूनच येतात. कृष्णविवर वायू ओढतं, तो भयंकर तापतो, मग क्ष-किरण सुटतात. आपली हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात ठेवतात.”

“म्हणजे पेशंटच मशीन? अन् हवा म्हणजे आपलं शिशाचं एप्रन?”

“तसंच.”

“डोकं दुखते म्हणा अन् घरीच बसा,” स्वयंपाकघरातून सिंधूताई, माझ्या सासूबाई. “तीस वर्षांची इज्जत, एका तासात जाईन.”

मामाजींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग मी लिहून दिलेला कागद खिशात घालून निघाले. लेकाला कडेवर घेऊन मीही मागोमाग.

शाळेत माइकसमोर ते म्हणाले, “चार दिवस गावाले मी जे सांगितलं, ते चूक होतं.”

पहिल्या रांगेतून उकंडराव ओरडले, “काबे शालिग्राम, मंग माह्या गुडघ्याचा फोटो भी चुकीचाच का?”

हशा उसळला. मी मान खाली घातली.

“तो बरोबर हाय, भाऊ. पण तुमच्या गुडघ्यातून उजेड निघत नाही. ताऱ्यातून निघते.”

आता हशा उकंडरावांवर. तिथून मामाजी सुटलेच. दीर्घिकांच्या झुंडी असतात. मधली जागा डोळ्यांना रिकामी दिसते, पण तिथे तापलेला वायू गच्च भरलेला, त्या झुंडीतल्या साऱ्या ताऱ्यांहून वजनदार. “डोयाले दिसत नाही म्हणून नाहीच, असं म्हणू नका रे पोट्टेहो!”

मग ते आयुष्य संपताना फुटणाऱ्या ताऱ्यांकडे वळले, तशी पाचवीतली स्वरदा उठली. “सर, फुटलेल्या ताऱ्यात काय दिसते?”

त्यांना आजवर ‘सर’ कोणी म्हटलं नव्हतं. गडबडीने त्यांनी कागद वाचला. “गंधक, लोखंड, कॅल्शियम...” ते अडले. माइक सोडून माझ्याकडे पाहिलं. “आपल्या हाडातलं?”

मी होकारार्थी मान हलवली. मामाजी खुर्चीत बसले. भाषण संपलं असं समजून हेडमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. मनगट मोडलेल्या आशाबाई बाकावर बसल्या होत्या.

“आशाबाई, हे हाड कुठून आलं, माहीत हाय?” फिल्मवर बोट ठेवत मामाजींनी विचारलं.

“माह्या मायच्या पोटातून. अजून कुठून?”

“त्याच्याही आंधी?”

“मले काय मालूम जी! तुमी जुळते का नाही ते सांगा.”

“जुळते ना. डॉक्टरसाहेब प्लास्टर लावतीन.”

आशाबाई गेल्या. बाहेर रांग लागली होती, कोणीतरी दोनदा हाक मारली. मामाजी आशाबाईंच्या मनगटाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून उभेच होते.