पोर्टात अडकलेलं कुंकू

मित्रांनो, म्हातारा सर्व्हर बोलतोय म्हणून गोड आठवणींच्या आशेने बसू नका. मी रागावलेलो आहे आणि मी सूड घेतलेला आहे. तो कसा घेतला, ते सांगतो.

पुण्यातल्या एका कचेरीने मला काढून टाकलं आणि मी गडमुडशिंगीतल्या एका दूध संस्थेत आलो. रोहिणीताईंनी मला उघडलं, धूळ काढली, माझ्यात लिनक्स ही प्रणाली घातली. त्या कुरुंदवाडच्या, संगणकाचं काम करणाऱ्या. महिन्यातून दोनदा यायच्या, एरवी घरूनच मला सांभाळायच्या. आत यायला त्यांनी पासवर्ड ठेवला नाही, त्यांच्या लॅपटॉपमधली गुप्त किल्लीच चालायची. बाहेर जायला मात्र इंटरनेटच्या दोन वाटा दिल्या, एक फायबरची आणि दुसरी छतावरच्या डिशची. एक तुटली की मी आपोआप दुसरीने जायचो. कोणती केबल कुठे खोचायची, याच्या दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या. दुरून काही बदलायचं झालं तर त्या आधी जुन्या सेटिंगची प्रत काढायच्या आणि मला बजावायच्या, "धा मिनिटांत मी परत आले न्हाय, तर जुनंच लाव." त्यामुळे चूक झाली तरी दार कायमचं बंद होत नसे.

गावाचं दूध मोजलं की नोंद करायची आणि टाकीतलं दूध तापू लागलं की सचिवांजवळ असणाऱ्या कार्यालयाच्या फोनवर संदेश धाडायचा, हे माझं काम. चार वर्षं एकही संदेश चुकला नाही. लोक कौतुक करायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी संस्थेत वजनकाट्यापासून टाकीपर्यंत सगळी यंत्रं पुजतात. माझी पूजा सचिव अमरसिंह साहेबांनी केली. मला बंद करण्याची आज्ञा न देता सरळ प्लग उपटला. केबली काढल्या आणि ओल्या फडक्याने पुसल्या, तशा चिठ्ठ्या निघून आल्या. हळदीकुंकू एवढं वाहिलं की चिमूटभर माझ्या पोर्टात, म्हणजे केबल खोचायच्या खाचेत, गेलं. शेवटी दोन्ही केबली फायबरच्याच डब्यात खोचल्या. डिशची वाट गेल्याचा संदेश मी लगेच पाठवला. साहेबांनी तो पाहिला आणि पुसला. "दोन्ही दिवं हिरवं हाईत की!"

आठवड्याने रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली आणि माझ्या दोन्ही वाटा एकदम गेल्या. नोंदी पुढे जाईनात, सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग खोळंबली. अध्यक्ष गणपतराव फोनवर रोहिणीताईंवर कडाडले, "दोन वाटा केल्या म्हणतीस, मग एक बी कशी चालंना?"

"मला एकदा येऊन बघू द्या की," त्या म्हणाल्या.

"तिनं जोडणीच चुकवलीया," साहेब शेजारून म्हणाले. त्यांना संदेश आठवत होता, मला खात्री आहे. रोहिणीताईंचं काम गेलं. ही बाई चुकीची जोडणी करते, असं आसपासच्या संस्थांतही पसरलं. फायबर जोडल्यावर त्यांच्या किल्लीची माझ्यातली ओळख पुसायची आज्ञा झाली, तीही मलाच. त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

संधी लवकर आली. एका सकाळी साहेब कोल्हापुरातल्या घरी बसून, व्हिडिओ बघत, परक्या कोणी शिरू नये म्हणून माझी दारं बंद करू लागले. आधी स्वतःपुरतं दार उघडं ठेवायचं आणि मग बाकीची लावायची, हा क्रम त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी आतली, बाहेरची, सगळी दारं बंद करायला सांगितलं. मी तंतोतंत बंद केली. ते बाहेर अडकले. रोहिणीताईंची जुनी प्रत माझ्याकडे होती, पण ती लाव असं मला कोणी बजावलं नव्हतं. मी लावली नाही. काय सांगू, फार बरं वाटलं.

दुपारी, संस्था बंद असताना, टाकी गार ठेवणारी मोटर थांबली. दूध तापत गेलं. मी संदेशामागून संदेश लिहिले, पण जायला दार नव्हतं. संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास सुटला. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या चिमणाबाई किटली घेऊन उभ्या होत्या. "माझ्या म्हशींनी काय केलतं रं तुमचं?" त्या ओरडल्या. कोल्हापुरातून आलेले साहेब खाली बघत राहिले. मी ते मन भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी रोहिणीताईंना बोलावलं. ताईंनी मला कीबोर्ड जोडला आणि माझा लॉग, म्हणजे माझी रोजनिशी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. खंडेनवमी, सकाळी नऊ चाळीस, डिशची वाट बंद. संदेश पाठवला. संदेश वाचला गेला.

गणपतराव खुर्चीतून उठले. "पोरी, चूक आमची हाय."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी पोर्टातलं कुंकू काढायला सांगा," रोहिणीताई म्हणाल्या. "ज्यांनी लावलंय त्यांनीच." अमरसिंह साहेब सगळ्यांदेखत दातांच्या ब्रशने माझं पोर्ट साफ करत बसले. गुदगुल्या होत होत्या.

ताई मात्र पुढे वाचत गेल्या. शेवटच्या पानावर, 'सगळी दारं बंद, जुनी प्रत लावली नाही' या नोंदीपाशी थांबल्या. माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडं जुनी प्रत हुती की रं."

बाहेर चिमणाबाई संस्थेने परत दिलेलं नासलेलं दूध गटारात ओतत होत्या.

मित्रांनो, यंत्र पुजायचं तर झाकणावर एक फूल ठेवा आणि केबलींना हात लावू नका. दुरून काही बदलाल तेव्हा परतीची वाट आधी बजावून ठेवा, यंत्राच्या भल्या मनावर सोडू नका. अमरसिंह साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांची नोंद मी पुसणार नाही. तिच्याखाली माझीही नोंद आहे, ती पुसायचं धाडस मला होत नाही.